मैदान वाचलं

वस्तीतल्या एकुलत्या एका मैदानावर तीस मजली इमारत उभारण्यास नगररचना विभागाने मंजुरी दिली आणि नागरिकांना हरकती नोंदवण्याचे विनम्र आवाहन केले. हरकत कोणी घेत नाही, हा विभागाचा जुना अनुभव. पण या खेपेला गाठ वस्तरेकाकांशी होती.

काकांचं सलून मैदानाला लागून असलेल्या गाळ्यांच्या ओळीत. खुर्च्या दोन, आरसा एक, त्यालाही तडा. मैदान बचाव समितीच्या बैठका तिथंच होत, कारण अध्यक्षांच्या घरचा सोफा नवा होता. सह्यांची मोहीम काकांनी अंगावर घेतली. गालाला फेस फासायचा, वस्तरा गळ्याशी आणायचा आणि सहज विचारायचं, "मैदानाबद्दल आपलं काय मत?" मत एकच पडायचं. बघता बघता अख्ख्या वस्तीच्या सह्या झाल्या. टक्कल पडलेलेसुद्धा दाढीच्या निमित्ताने लोकशाहीत सामील झाले.

बायको म्हणाली, "अहो, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय?"

"अगं, लोक फिरायला येतात म्हणून दाढीला बसतात. मैदान गेलं की आपलं दुकान बसलंच."

सुनावणीत नगररचना विभागाच्या साहेबांनी सह्यांचा गठ्ठा हातावर तोलला आणि त्यांना गहिवरून आलं. "लोकभावनेपुढे प्रशासन नतमस्तक आहे. मैदानाच्या गवताच्या काडीलाही धक्का लागणार नाही."

टाळ्या थांबेपर्यंत साहेब थांबले.

"मात्र बिल्डरला दिलेली मंजुरी मागे घेता येत नाही. सबब, इमारत लगतच्या पर्यायी जागेवर हलवण्यात येत आहे."

लगतची जागा म्हणजे गाळ्यांची ओळ. काका उठले. "साहेब, तिथं माझं दुकान आहे."

"मैदान सोडून कुठंही बांधा, ही तुमच्याच समितीची घोषणा ना? आम्ही ती शब्दशः मानली. आता हरकतीची मुदतही संपली."

काकांनी अध्यक्षांना गाठलं. ते विजयाचा फोटो काढून घेत होते.

"काका, आपली समिती मैदान बचाव. दुकान बचाव आपल्या घटनेत बसत नाही. आणि आपण विकासाच्या आड येत नाही, हेही लोकांना दिसायला हवं."

"मग आम्ही खायचं काय?"

"त्याग मोठ्या मनाच्या माणसांनाच जमतो," अध्यक्ष म्हणाले. नव्या इमारतीत मैदानाकडे तोंड असलेला फ्लॅट त्यांनी त्याच दुपारी बुक केला.

काका दारोदार फिरले. सगळे आपुलकीने वागले. कुणी पाणी दिलं, कुणी व्यवस्थेला शिव्या दिल्या. सही मात्र कुणी दिली नाही, कारण इमारतीमुळे घरांचे भाव वाढणार होते. गाळे पाडले तेव्हा काका दोन्ही खुर्च्या घेऊन रस्त्यात उभे होते. त्यांना साहेबांचा राग आला नाही, बिल्डरचाही नाही. ज्यांच्या गालांवरून इतकी वर्षं हात फिरवला, ते लोक पलीकडच्या फुटपाथवरून गेले, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मैदान आज हिरवंगार आहे. तुम्ही रोज सकाळी तिथं चालता, फाटकावरचा 'नागरिकांच्या लढ्याचे यश' हा फलक वाचता आणि तुमची छाती फुगते. परवा त्याच फाटकाशी एक म्हातारा पर्यायी गाळ्याचा अर्ज पुढे करून काहीतरी सांगत होता. कानातली गाणी बंद न करता तुम्ही गोड हसलात, मान हलवलीत आणि पावलं जरा भराभर उचललीत. तब्येतीला तेच चांगलं.