गाडी बंद करणार न्हाई

घाटनांदूरला निवृत्तीअण्णांच्या दुकानात शिरून "बॅटरी गेली" असं म्हणायची सोय नाही. कुणी म्हटलंच, तर अण्णा हातातलं काम खाली ठेवतात आणि रस्त्याकडे बोट दाखवतात. "भायेर जा. परत ये. नीट सांग."

माणूस खरंच बाहेर जातो. चांगले मिशीवाले, पांढऱ्या कपड्यातले लोक निमूट बाहेर जाताना मी पाहिले आहेत. परत येऊन ते म्हणतात, "अण्णा, बटन दाबलं की टक टक करती, गाडी चालू व्हत न्हाई."

"आत्ता कसं! बॅटरी गेली का तिला कुणी उपाशी ठिवली, ते मी सांगन. तू तुला दिसलं तेवढंच सांग."

अण्णा मोटारसायकलींच्या वायरिंगचं काम करतात. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं व्होल्ट मोजायचं मीटर असतं आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी शर्टाच्या खिशात खोचलेल्या असतात. लग्नाला जातानाही ते मीटर काढत नाहीत. आणि तोंडात सदैव एकच प्रश्न, "मापलं का?" लई ऊन आहे म्हणा, मापलं का? जावई चांगला मिळाला म्हणा, मापलं का? निवडणुकीच्या वेळी एक पुढारी दुकानात येऊन म्हणाले, "अण्णा, यंदा सगळीकडं आपलंच वारं हाय." अण्णांनी वर न बघता विचारलं, "मापलं का?" पुढारी चहा न घेता गेले. अण्णांना फक्त एकाच व्यक्तीने गप्प केल्याचं मी ऐकलं आहे. काकू, म्हणजे अण्णांची बायको, होत्या तेव्हा अण्णा जेवताना एकदा म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. काकूंनी शांतपणे विचारलं, "मापलं का?" त्यानंतर अण्णांनी मिठाबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

माझी आणि त्यांची खरी ओळख गेल्या वर्षी झाली. मला असं लिहायची सवय नाही, म्हणून घडलं तसंच सांगते.

मी अंबाजोगाईला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. प्रॅक्टिकलच्या वेळेला एसटी जुळत नाही, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी मोटारसायकल घेतली आणि मला चालवायला शिकवली. सकाळचं दूध घालून आले की ते गाडी माझ्या ताब्यात देत. पण गाडी वाटेतच मरायला लागली. अर्ध्या रस्त्यापर्यंत ठीक चालायची, मग दिवा मंद व्हायचा, हॉर्नचा आवाज बसायचा आणि गाडी थांबायची. तीन वेळा शोरूमला नेली. ते गाडी ठेवून घेत, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासत आणि कागदावर 'ओके' लिहून परत देत.

तिसऱ्या वेळेनंतर दादा म्हणाले, "पोरगी एकटी रस्त्यात उभी ऱ्हाती, मला काम सुधरत न्हाई. आता एकदा जरी बंद पडली तर घरी बसून बाहेरून परीक्षा दे." बीएस्सी बाहेरून होत नाही, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. गाडीची वॉरंटी संपायला चार दिवस राहिले होते.

मी अण्णांकडे गेले. आत शिरताना तक्रार मनात तीनदा म्हणून घेतली, त्यामुळे बाहेर जावं लागलं नाही. अण्णांनी गार गाडी चालू करून मीटर लावलं, चौदा व्होल्ट. मग मला गाडी परळी रस्त्याला लांब फिरवून आणायला लावली. आल्यावर पुन्हा मीटर लावलं, बारा. आणि खालीच येत होतं.

"इंजिनातली कॉइल हाय ही. गार असती तवर चार्जिंग करती, तापली की झोपती. आन ते शहाणे सकाळी गार गाडी मापत्यात!"

"मग तुम्हीच दुरुस्त करा ना, अण्णा."

"मी झाकण खोललं की तुझी वॉरंटी मेली. त्यांचं दुखणं त्यांनीच निस्तरायचं. उद्या जायाचं, मी येतो." तेवढ्यात त्यांना सीटखाली गुंडाळलेली काळी टेप दिसली. "हे काय हाय?"

दादांनी रात्री मोटर चालू करायला शेतात जायचं म्हणून गाडीला फोकस, म्हणजे जादा मोठा दिवा, बसवला होता. शोरूमने वायर कापलेली पाहिली तर वॉरंटी नाकारतील, म्हणून मीच तो काढून टेप लावली होती.

"लपवायचं कावून?" अण्णा एवढ्याने ओरडले की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. "फोकस बसवला हुता, असं सोत्ता सांगायचं. चोरावानी गेलीस तर ते तुला चोरच समजतेल."

दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवली आणि अण्णा मीटर सांभाळत मागे बसले. अंबाजोगाईला शोरूमच्या दारात मी चावीला हात घातला, तर त्यांनी माझा हात धरला. "बंद करायची न्हाई. रांगेत गार व्हईल."

वॉचमन धावत आला. "काका, गाडी बंद करा."

"न्हाई करणार."

"धूर व्हतोय आत!"

"तीन बार बंद करून पाहिलं. आता चालू बघू द्या."

आत नव्या गाडीला हार घालून एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यांच्या पेढ्यांवर आमचा धूर जात होता. लाजेने मला कुठे पाहावं कळेना. मॅनेजर आले. अण्णा त्यांना म्हणाले, "साहेब, आधी कागदावर पोरीची तक्रार लिवा. तिच्या तोंडची. आन आजची तारीख टाका."

मी चाचरत सांगितलं. फोकसचंही सांगितलं. मॅनेजर लगेच म्हणाले, "संपलं मग. वायर कापली की वॉरंटी नाही."

"फोकस न्हाई आता. मापा."

"आमच्याकडे रांग आहे, काका."

"गाडीत पेट्रोल भरून आणलंय," अण्णा म्हणाले आणि सीटवर नीट सरकून बसले.

मॅनेजरांनी कपाळ चोळलं आणि वर्कशॉपकडे हाक मारली, "मनीषा!"

निळ्या गणवेशातली एक मुलगी हात पुसत आली. खिशावर तिचं नाव शिवलेलं होतं. ती अण्णांची मुलगी आहे, हे मला माहीत होतं. घाटनांदूरला सगळ्यांनाच माहीत होतं की बापाच्या हाताखाली काम शिकून ती आयटीआयला गेली, मग शोरूमला लागली आणि तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. ती अंबाजोगाईतच खोली घेऊन राहते. तरीही गावातल्या प्रत्येकाच्या वॉरंटीचं भांडण भांडायला अण्णा इथे येतात, हे मात्र मला त्या क्षणापर्यंत विचित्र वाटलं नव्हतं.

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "ज्योती, त्या मॅडमला इचार, गरम गाडी मापायची रीत म्हाईत हाय का?"

मनीषाताई हातभर अंतरावर उभी होती. तीही माझ्याकडेच बघून म्हणाली, "त्यांना सांग, म्हाईत हाय. शिकविणाऱ्यानं कान धरून शिकविलंय."

"सांग तिला, मीटर आधी तपासून घ्यायचं म्हणाव."

"सांग त्यांना, दोनदा तपासलंय. आन सीटवरून उठा म्हणाव, मला काम करू द्या."

अण्णा उठले. मी मधल्यामध्ये मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

ताईने चालू गाडीवर मीटर लावून आकडा लिहिला. मग गाडी बंद करून पटकन कॉइलची पिवळी वायर जोडणीतून सोडवली आणि एक टोक वायरीला, एक इंजिनाला लावलं. मीटर पीं करून वाजलं. ते वाजायला नको होतं, एवढं अण्णांनी येताना वाटेत सांगितलं होतं. मी अण्णांकडे पाहिलं. दर पावलाला खोट काढणारा माणूस आता नुसता तिच्या बोटांकडे बघत होता.

"सर," ताई म्हणाली, "कॉइल तापल्यावर इंजिनाला टच होतीये. फोकस बॅटरीकडून जोडला होता, त्याचा हिच्याशी संबंध नाही."

"तू कंपनीची आहेस का त्यांची?" मॅनेजर हळूच म्हणाले, पण आम्हाला ऐकू आलं. "वायर कापली एवढंच लिही."

"ते लिहिलंय, सर. आकडेही लिहिलेत. खाली सही माझी आहे, ती खोट्यावर नाही करणार."

फोटोवालं कुटुंबसुद्धा फोटो सोडून बघत होतं. मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला आणि त्या दिवसाचीच तारीख घालून शिक्का मारला. पुढे आठ दिवसांत नवी कॉइल आली, गाडी बरी झाली आणि मी अजून बीएस्सी करते आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. गाडी शोरूमला ठेवून आम्ही एसटीने घाटनांदूरला परतलो. अण्णांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी नको म्हणाले. बाहेर असले की मी पाणी पीत नाही. आमच्या कॉलेजातल्या पुष्कळ मुली पीत नाहीत.

अण्णांनी खिळ्यावरची एक चावी काढून तांब्याशेजारी ठेवली. "पी. मागं सोय हाय."

दुकानाच्या मागे एक संडास होता. पांढऱ्या फरशीचा, आतून भक्कम कडी असलेला. आरसा होता, ओढणी टांगायला खुंटी होती. साबण वेष्टनातच होता. बादली मात्र काठोकाठ ताज्या पाण्याने भरलेली होती.

मी बाहेर आले तेव्हा अण्णा वायरीचं टोक सोलत होते.

"मनी हितं काम करायची तवा एकदा चक्कर येऊन पडली," ते खाली बघूनच म्हणाले. "डाक्टर म्हणला, पोरगी दिवसभर पाणी पित न्हाई. माझ्या ध्यानातच आलं न्हवतं कधी. बांधून व्हस्तोर ती तिकडं लागली."

"ताईंना माहीत आहे?"

"न्हाई."

"सांगितलं का नाही, अण्णा?"

"सांगितलं आन ती वापस आली मंजी? तिकडं तिच्या सहीवर साहेब शिक्का मारतोय. पाहिलंस न्हवं तू? हितं काय हाय?" त्यांनी सोललेलं टोक पिळलं. "तू बी सांगू नको."

मी सांगणार नाही म्हणाले. लिहिणार नाही, असं म्हटलं नव्हतं. मनीषाताई, परत यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. पण एका रविवारी येऊन तेवढी चावी मागून बघा.