एका वजनदार वाक्याचे आभार

इंग्रजी पत्र लिहावं तर आमच्या ऑफिसात मीच! हे मी म्हणत नाही, साहेब म्हणतात. मी फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

त्यामुळे आभाराचं पत्र लिहायला फार तर दहा मिनिटं लागतील, असं मी शनिवारी दुपारी बायकोला ठणकावून सांगितलं. संध्याकाळचा चहा झाला तरी कागद कोराच!

प्रसंगच तसा होता. माळ्यावरची पेटी काढताना मी स्टुलावरून पडलो आणि मांडीचं हाड मोडून बसलो. अडीच महिने अंथरुणात! ऑफिसातल्या लोकांनी माझं टेबल सांभाळलं, ड्रायव्हरनं मला अक्षरशः उचलून दवाखान्यात नेलं, आवक-जावकच्या बाई रोज फोन करायच्या. सोमवारी मी हजर होणार होतो. मनात एकच धाकधूक होती. माझ्यावाचून यांचं काहीच अडलं नसेल, तर आता माझी गरज तरी उरली असेल का? म्हणून आभार असे मानायचे होते की वाचणाऱ्याला गहिवरून आलं पाहिजे.

"थँक यू फॉर युवर सपोर्ट," मी वाचून दाखवलं.

"दुकानाच्या बिलाखाली असतं तसं वाटतंय," बायको म्हणाली.

"बाबा, 'थँक्स अ टन, गाइज' लिहा ना!" ही आमची लेक.

"साहेबांना गाइज म्हणू?"

"मग 'आय ॲम ओव्हरव्हेल्म्ड'?"

"नको, नवं दुखणं वाटून लोक पुन्हा भेटायला येतील!"

शेवटी मी हुकमी एक्का काढला. माझ्या जुन्या मसुद्यांत एक वाक्य आहे: 'आय शॅल ऑल्वेज रिमेन ग्रेटफुल फॉर द सपोर्ट यू गेव्ह मी इन ऑल माय इयर्स हिअर.' हे वाचून डोळे पुसले नाहीत असा माणूस आमच्या ऑफिसात नाही. ते जसंच्या तसं उचललं, खाली नाव टाकलं आणि सगळ्यांना मेल करून मोकळा झालो.

पाच मिनिटांत बाईंचा फोन. चक्क हुंदके!

"असं कसं हो एकदम लिहिलंत?"

"मनात आलं, लिहिलं," मी नम्रपणे म्हणालो.

"घरच्यांना विचारलंत?"

"विचारलं तर! दोघींशी तासभर चर्चा झाली."

"आता बदल नाही?"

"एक अक्षरही नाही!"

फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, "बघ, याला म्हणतात इंग्रजी!"

सोमवारी काठी टेकत पोहोचलो, तर दारात सगळे उभे. फुलांचा गुच्छ, केक आणि साहेबांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ! मी हरखलोच. मग साहेब बोलायला लागले, "अठ्ठावीस वर्षांची सेवा... त्यांची उणीव आपल्याला..." आणि निरोप कुणाचा, ते बघायला मी मागं वळलो.

"साहेब, जातंय कोण?"

"तुम्ही! अहो, आजवर निवृत्त झालेल्या सतरा जणांना तुम्हीच हे वाक्य लिहून दिलंत. या ऑफिसात ते दुसऱ्या कशासाठी वापरलंय कधी?"

आता कसलं इंग्रजी सुचतंय! "मला नाही जायचं कुठं!" मी ओरडलोच. "तुम्ही सगळे होतात म्हणून मी पुन्हा उभा राहिलो. एवढंच सांगायचं होतं हो!"

ड्रायव्हरनं पटकन खुर्ची पुढं सरकवली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी घड्याळ गुपचूप कपाटात ठेवलं.

"बसा तुमच्या जागेवर," ते म्हणाले. "तुमच्यावाचून अडीच महिने कसे काढले, ते आमचं आम्हाला ठाऊक!"

कान तृप्त झाले! मी ऐटीत माझ्या खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसलो. समोरच्या ट्रेमध्ये तीन ताजे अर्ज होते. रिकाम्या होणाऱ्या माझ्या जागेवर आपली नेमणूक व्हावी, अशी तिघांची नम्र विनंती. सगळ्यात वरचा बाईंचा. तिन्ही इंग्रजीत! मी लाल पेन उघडून चुका काढायला बसलो. तुम्हाला म्हणून सांगतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही सापडली नाही.