पाच इंचांचा दरोडा

"जेथे सामान्य मनुष्याची दृष्टी थांबते, तेथे माझी दृष्टी नुकती कुठे चष्मा पुसू लागते," असे श्रीयुत हर्शेल टॉमचेक स्वतःविषयी सांगत असत. आणि कोणी विचारले नाही, तर दोनदा सांगत असत. विस्कॉन्सिनच्या उत्तरेस, तलावांच्या त्या प्रदेशात, एकतीस वर्षे टपाल वाटून ते निवृत्त झाले होते. बंद पाकिटातील मजकूर केवळ वजनावरून ओळखण्याची जी सिद्धी त्या काळात त्यांना प्राप्त झाली, ती वाया जाऊ नये, या उदात्त हेतूने त्यांनी परसातील शेडमध्ये गुप्तहेर कार्यालय थाटले होते. पत्नीचा धाकटा भाऊ मेल्विन हा त्यांचा सहायक. त्याची नेमणूक बहिणीने केली होती. "यांना एकटं फिरू देऊ नकोस," एवढेच तिचे नेमणूकपत्र होते.

कार्यालयाच्या भिंतीवर हर्शेल यांनी स्वहस्ते पकडलेला मस्की जातीचा दातेरी मासा विराजमान होता. खालील पितळी पट्टीवर 'पन्नास इंच' असे कोरलेले होते. मेल्विनने एकदा रिकामपणी मोजला, तेव्हा तो पंचेचाळीस भरला.

"शेगडीची धग," हर्शेल म्हणाले होते. "वस्तू आक्रसते."

एका शुक्रवारी दुपारी ऑर्लो लिंडक्विस्ट हा शाळेच्या बसचा चालक घोंगडीत गुंडाळलेले काहीतरी घेऊन आत आला. चाळीस वर्षे गळ टाकून या गृहस्थाने सर्दीखेरीज काहीही पकडलेले नव्हते. गेल्या सप्टेंबरात मात्र त्याला प्रथमच मस्की लागला. त्याने तो मोजला, बायकोकडून एक फोटो काढविला आणि तेथील सभ्य रिवाजाप्रमाणे मासा पाण्यात सोडून दिला. नंतर लांबी व घेर यांचे आकडे चिठ्ठीवर लिहून ते आर्डिस होल्टबाईंकडे पाठविले. हरणांची मुंडकी व बदके यांत पेंढा भरणे हा बाईंचा व्यवसाय. सोडून दिलेल्या माशाची मात्र त्या केवळ आकड्यांवरून फायबरची हुबेहूब प्रतिमा घडवीत.

ऑर्लोने घोंगडी उलगडली. आत बाईंनी घडविलेला मासा होता.

"पाच इंच गेले, हर्शेलसाहेब. माझा मासा एक्कावन्न इंचांचा होता. हा शेहेचाळीस आहे!"

"कोणावर संशय?"

"मला काय ठाऊक? आज रात्री सगळं गाव क्लेटसच्या बारमध्ये मासे खायला येणार. काउंटरच्या वरचा खिळा गावातल्या सगळ्यात मोठ्या माशाचा. तिथे क्लेटसचाच अठ्ठेचाळीसचा टांगलाय. मी सगळ्यांना एक्कावन्न सांगून बसलोय. हा घेऊन गेलो तर मरेपर्यंत मला थापाड्या म्हणतील." त्याने घोंगडी पुन्हा गुंडाळायला घेतली. "जन्मात एकदा फुशारकी मारली साहेब, आणि तीसुद्धा खरी होती!"

त्याने पुरावा म्हणून फोटो पुढे केला. हर्शेल यांनी त्याकडे पाहिल्यासारखे केले आणि त्यावर कॉफीचा मग ठेवला.

"आक्रसला आहे," ते म्हणाले.

"दाजी, फायबर आक्रसत नाही," मेल्विन म्हणाला.

"मग मोजताना मूळ माशाने अंग ताणले असावे. अपमानित प्राणी असे करतात."

"पाच इंच?"

"अतिशय अपमानित असेल. अथवा..." हर्शेल उभे राहिले. "ज्याचा खिळा जाणार होता, त्याने रातोरात कानस चालविली! चला!"

निघताना मेल्विनने मगाखालचा फोटो खिशात घातला. दाजींबरोबर राहून त्याला एवढी अक्कल आली होती, की दाजी जे बाजूला ठेवतात, ते सोबत घ्यावे.

रात्री बार गच्च भरला होता. हर्शेल यांनी प्रथम तळलेल्या माशाचे तीन तुकडे संपविले आणि मग काउंटरवर मूठ आपटली.

"क्लेटस, हात दाखवा! पाहा मंडळी, पांढरी भुकटी! हाच तो फायबरचा चुरा!"

"मैदा आहे," क्लेटस म्हणाला. "मासे तळतोय. तुम्हीच तर हादडलेत."

बार खदखदला. "काय ऑर्लो, उरलेला मासा बसमध्ये विसरलास की काय?" कोणीतरी ओरडले. ऑर्लो घोंगडी छातीशी धरून खाली पाहत राहिला.

"गप बसा रे," कोपऱ्यातून आवाज आला. आर्डिसबाई कोबीचे सॅलड खात होत्या. "पाच इंच मी कापले."

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"रीत आहे माझी. तीस वर्षं तुमच्या चिठ्ठ्या वाचतेय. तुम्ही लिहिता त्यातला दहावा भाग वजा केला की मासा माशासारखा दिसतो. आजवर एकानेही तक्रार केली नाही." त्यांनी काट्याने वर दाखविले. "क्लेटसने त्रेपन्न लिहिलं होतं."

क्लेटसला कढईची अचानक आठवण झाली. इतर मंडळी आपापल्या बशीत काही हरवल्यासारखे शोधू लागली.

"पण बाई, माझा खरंच एक्कावन्न होता," ऑर्लो म्हणाला.

"सगळे खरंच म्हणतात, बाळा."

मेल्विनने फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर कॉफीच्या मगाचे वर्तुळ उमटले होते. बाईंनी चष्मा लावला. त्या गावातील प्रत्येक वीर हात लांब करून मासा कॅमेऱ्याच्या नाकात खुपसतो, जेणेकरून वीतभर जीव मगरीएवढा दिसावा. ऑर्लोने तो उभा, पोटाशी कवटाळून धरला होता. डोके हनुवटीला टेकलेले, शेपटी नेमकी बुटाच्या काठाला.

"अरे गाढवा, असा का धरलास?"

"त्याला थंडी वाजत असेल, असं वाटलं."

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "बूट तेच आहेत ना? हा धर बघू तसाच."

ऑर्लोने फायबरचा मासा हनुवटीला टेकविला. शेपटी बुटाच्या वरच लोंबत राहिली. मेल्विनने मधले अंतर मोजले. पाच इंच.

आर्डिसबाईंनी काटा खाली ठेवला. "तीस वर्षांत एक खरा माणूस दुकानात आला, आणि मी त्यालाच छाटला. ऑर्लो, एक्कावन्नचा घडवते. क्लेटस, खिळा मोकळा कर."

क्लेटस स्टुलावर चढला. ऑर्लोने बाहीने डोळे पुसले आणि तळलेला मासा मागविला.

"माझाही कयास नेमका हाच होता," हर्शेल म्हणाले.

"दाजी," मेल्विनने हळूच विचारले, "तुम्ही बाईंना चिठ्ठीत किती लिहिलं होतं? पन्नास?"

हर्शेल यांनी टोपी चढविली.

"मेल्विन, शेगडी पेटती राहिली आहे. निघू या."