इंगळे मॅडमचा रविवारचा तास

आमच्या नातवाच्या बारशाला इंगळे मॅडम आल्या, आणि पाळण्यात डोकावण्याआधी त्यांनी मांडवाला मागून दार आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "शंभर माणूस, एकच दार, अन् दारातच गॅस! भाऊ, शक्यता किती? नुकसान किती?" बाळाचं नाव राहिलं बाजूला, आधी आचाऱ्याची शेगडी हलवावी लागली. आत्याबाई बाळाच्या कानात 'कुर्र' करत होत्या तेव्हा मॅडम मागच्या कनातीची दोरी सोडत होत्या.

मोताळ्यात आमची घरं समोरासमोर. मॅडम शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर कुणी भजनाला लागतं, कुणी पापड-कुरडयांत रमतं. मॅडमना जोखीम व्यवस्थापनाचं वेड लागलं. आमच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्यांनाही त्यांनी गुण दिले. पडायची शक्यता पाचपैकी चार, नुकसान पाचपैकी पाच, चार पंचे वीस. "उतरवा खाली!" बायकोने मुकाट्याने उतरवल्या. त्याच संध्याकाळी खालच्या बरणीला माझा पाय लागला आणि कैरीचं लोणचं स्वयंपाकघरभर झालं. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "याले उरलेली जोखीम म्हणतात, भाऊ. शून्य तर ते कधीच नाही होत."

एकदा भर दुपारी त्यांच्या घरावरचा भोंगा कोकलायला लागला. सगळी गल्ली काठ्या घेऊन धावली. मॅडम ओट्यावर हातात घड्याळ घेऊन उभ्या! चोर नव्हता, चोर आल्याची रंगीत तालीम होती. मी तेव्हा दाढी करत होतो. अर्ध्या गालाने चोरासमोर कसं जायचं? तोंड धुऊन पोचलो तोवर मंडळी शिव्या देत परत निघाली होती. "भाऊ, तुम्ही तर गेले असते," मॅडम म्हणाल्या, आणि आठवडी बाजारात भेटेल त्याला त्यांनी ही बातमी दिली. मेथीवाल्याने जुडी पिशवीत टाकता टाकता मला विचारलं, "काऊन हो, वाचले कसे मंग तुम्ही?"

आता ही विद्या मॅडमकडे आली कुठून? खरा विद्यार्थी त्यांचा मुलगा निखिल. सुरक्षा तंत्रज्ञान आणि जोखीम व्यवस्थापन असा लांबलचक विषय घेऊन तो इंग्लंडला एमएस्सी करायला गेला. इंगळे सर जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे मायलेक दोघंच होती, आणि पोरगा गेल्यावर मॅडम एकट्याच उरल्या. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. घरात रेंज नाही म्हणून मॅडम ओट्यावर येऊन, स्पीकर लावून बोलत, आणि ऐकू येतं म्हणून आम्ही ऐकत असू.

"जेवला का?"

"हाव."

"थंडी हाय का तिकडं?"

"हाव. बरं आई, ठेवतो."

संपलं! मग मॅडम फोन मांडीवर ठेवून तशाच बसून राहत. आम्हाला ते बघवत नसे. मी उगीच काहीतरी विचारायला जायचो आणि उगीच काहीतरी ऐकून परत यायचो.

एका रविवारी मात्र त्यांनी विचारलं, "या आठवड्यात काय शिकवलं बे तुले?" आणि पोरगा जो सुटला तो थांबेचना. त्या दिवशी गल्लीत दिवे लागले तरी मॅडम ओट्यावरच होत्या. तेव्हापासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. निखिल वर्गातली रेकॉर्डिंगं पाठवी, ती ऐकत त्या कूकर लावत, भांडी घासत आणि आमच्या बरण्यांना गुण देत. लोकांना वाटे, बाईंचं डोकं फिरलं. मॅडमना पाहिजे होता रविवारी पोराचा आवाज, आणखी थोडा वेळ, एवढंच.

गेल्या महिन्यात निखिलचं शिक्षण संपलं. तिकडेच नोकरीही लागली. त्या रविवारी मी त्यांच्या ओट्यावर पेढे खायला गेलो, तर मॅडम पेढ्याबरोबर शिकवणीही देऊ लागल्या. मोकाट बकरी हा धोका. कुंपण फुटलेलं, ती आपली कच्ची जागा. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाफ्यातली मेथी गेली. इतकं सोपं करून सांगितलं की माझ्यासारख्यालाही समजलं. "निखिलचा पहिलाच धडा होता हा," त्या अभिमानाने म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

निखिल खुशीत होता. नोकरीचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, आणि म्हणाला, "चला, परीक्षा झाली, अभ्यास झाला. सुटलो आपण दोघंही! आता तुले काय शिकवू आई? बरं, ठेवतो मंग."

मॅडमचा चेहरा असा उतरला की मी हातातला पेढा परत बशीत ठेवला. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारलं म्हणून पोरांना बाकावर उभं करणारी ती बाई घाईघाईने म्हणाली, "थांब नं बाप्पा! मले तो पहिलाच धडा नाही समजला. धोका कोणता, अन् कच्ची जागा कोणती? सारं उलटंपालटंच होऊन राह्यलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी माझ्याकडे न बघताच हाताने मला गप्प केलं.

तिकडे निखिल हसला. "काय आई! एवढं वर्षभर शिकवलं, अन् तू पहिल्याच धड्यावर?" मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बरं, पाह्य. समज, आपल्या घरामागं आपण मेथी लावली..."

"हाव," मॅडम म्हणाल्या. "हळूहळू सांग बाप्पा. मले काही घाई नाही."