अण्णांच्या ब्रेकमधली हवा

आमच्या मस्तगडात नवराबायको वगारीमार्फत बोलायचे असं घर एकच. शेजारच्या सखाअण्णांचं.

अण्णा मूळचे केदारखेड्याचे. जालन्यात येऊन आडत टाकली आन एका जहागीरदाराची जुनी मोटार घेतली. त्यासाठी विकली काय, तर काकूंच्या माहेरची म्हैस! मागं राहिली तिची वगार. काकूंनी त्याच दिवशी अबोला धरला. मंग जेवायच्या वेळी ओसरीतून आवाज यायचा, "वगारबाई, त्यांना म्हणावं, भाकर निवून राह्यली." अण्णा अंगणातून वगारीलाच सांगायचे, "आलो म्हणावं." वगार बिचारी रवंथ करीत दोघांकडं बघायची.

शुक्रवारी मात्र वगारीला सुट्टी. लढाईमुळं पेट्रोल मिळंना, मोटार अंगणातून हलत नव्हती, तरी दर शुक्रवारी अण्णा ब्रेकमधली हवा काढायचेच. "ब्रेक म्हंजे इमान! बराबर लागलाच पायजे!"

हे काम दोघांचं. एकानं आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा स्क्रू ढिला करून तेलातले बुडबुडे बाहेर काढायचे. वगारीला काही पायडल दाबता येत न्हाई. म्हणून काकू पदर खोचून आत बसायच्या.

"दाब!"

"दाबला."

"धर!"

"धरला."

"सोड!"

दुपारभर हेच. आम्हाला डुलकी लागू देतील तर शपथ!

एका शुक्रवारी मी वैतागलो. "अण्णा, उभ्या मोटारीत हवा शिरतेच कशी?" म्हणत सरळ खाली घुसलो. बघतो तर अण्णांनी पाना लावायच्या आधीच एक स्क्रू चांगला ढिला! त्यांची हवा काढून झाल्यावर चारी चाकांचे स्क्रू मीच जीव खाऊन आवळले. "आता हवेचा बाप शिरत न्हाई!"

पुढच्या शुक्रवारी पायडल दगडासारखं घट्ट, म्हंजे हवा न्हाईच. काकू पदर खोचून आल्या, उभ्या राहिल्या, आन वगारीला म्हणाल्या, "आज काम न्हाई वाटतं." परत गेल्या. अण्णांचा चेहरा एवढा एवढा झाला. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा न्हाईत.

शनिवारी दुपारी मी मीठ मागायला गेलो, तर अण्णा अंगणाकडं पाठ करून दारातच उभे. "कुठं घुसून राह्यला? थांब."

त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. मोटारीखालून जोडवी घातलेले दोन पाय बाहेर आल्ते आन पाना कुरकुरत होता.

अण्णा हळूच म्हणाले, "लई घट्ट आवळले रे तू. तास झाला, झटून राह्यली बिचारी."

तेवढ्यात मोटारीखालून काकूंचा आवाज आला, आन तो वगारीला न्हवता.

"अहो, हवा शिरली वाटतं. बसू का?"

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"बस, बस. जल्दी न्हाई."