सासूबाईंच्या गाडीचा वेग

सासूबाई तक्रार करत नसत, हीच मोठी अडचण होती. म्हणजे मुलीकडे करत, शेजारणीकडे करत, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईकडेसुद्धा करत. पण जावयाकडे कधीच नाही. जावई चष्मेवाला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत त्याने सासूबाईंच्या तोंडून स्वतःच्या कामाबद्दल एकच शब्द ऐकला होता, तो म्हणजे 'छान'. त्याने करून दिलेला पहिला चष्मा चुकीच्या नंबरचा निघाला, तेव्हाही त्या छान म्हणाल्या आणि आठवडाभर भिंती चाचपत घरात हिंडल्या.

त्या बुधवारी दुपारी दुकान बंद करून तो त्यांच्याकडे जेवायला आला, तेव्हा त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. टेबलाला खेळातलं स्टिअरिंग अडकवलेलं, कानाला हेडफोन. वय वर्षं अडुसष्ट, छंद मोटारींची शर्यत. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत चालली होती. चष्मेवाल्याने घड्याळ लावलं. शर्यतीचा रस्ता उघडायला साडेतीन मिनिटं लागली.

"प्रत्येक वेळी एवढा वेळ लागतो?"

"हो. पण छान चाललंय."

"आई, तुमचं विंडोज थकलंय. मी लिनक्स टाकून देतो. गाडी नुसती उडेल."

"राहू द्या हो जावईबापू. मला काही त्रास नाही त्याचा. खरंच छान आहे."

नऊ वर्षांच्या अनुभवावरून चष्मेवाल्याने या वाक्याचा अर्थ 'माझे फार हाल होत आहेत' असा लावला. शिवाय तीन महिन्यांपूर्वी त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून त्या जागी लिनक्स टाकलं होतं आणि नव्याची नवलाई अजून ओसरली नव्हती. डोळे तपासायला आलेल्या माणसाला तो फ्रेमा कमी दाखवी आणि लिनक्सचं माहात्म्य जास्त ऐकवी. जेवण झाल्याबरोबर त्याने बाह्या सरसावल्या. जुनी डिस्क काढून नवी घातली, लिनक्स चढवलं, आणि जुनी आपल्या दुकानात उपयोगी पडेल म्हणून तिथल्या तिथे पुसूनही टाकली. पावणेचारला कॉम्प्युटर अकरा सेकंदांत सुरू झाला.

"छान," सासूबाई म्हणाल्या. मग अगदी संकोचाने त्यांनी विचारलं, "आणि माझी गाडी कुठेय?"

तेव्हा चष्मेवाल्याच्या ध्यानात आलं, की गाडी विंडोजची होती.

संध्याकाळी घरी बायकोने त्याचं स्वागत दारातच केलं.

"तू काय केलंस हे? रविवारी चार वाजता मावशी येते खेळायला."

"मग या रविवारी नाही खेळायचं. फोन करून सांगू."

"मोठी मावशी आईचा फोन घेत नाही, माहीत नाही का तुला?"

माहीत होतं, पण नीट लक्षात नव्हतं. बायकोने त्याला खुर्चीवर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोठ्या मावशीने तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं आणि तिला वेळ चुकवलेली खपत नसे. एकदा तिने धाकट्या बहिणीला, म्हणजे सासूबाईंना, जेवायला बोलावलं, बहीण ते साफ विसरली, आणि त्या एका जेवणावरून दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या नातीने हा खेळ दोघींच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. तेव्हापासून दर रविवारी चारला दोघी आपापल्या गावातून गाडी काढत.

"फोन केला की आधी कुणी केला हा प्रश्न येतो," बायको म्हणाली. "इथे कसं, खेळायला आले होते असं म्हणता येतं. आणि या रविवारी आई तिला महिनाभर राहायला बोलावणार आहे. दोन महिने वाक्य जुळवतेय बिचारी. आता चारला आई दिसली नाही, तर मावशी काय समजेल?"

चष्मेवाल्याने हिशेब केला. आणखी अकरा वर्षांनी मावशी सत्त्याऐंशीची झाली असती.

विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवायचे तर मध्ये एक दुभाषा प्रोग्राम लागतो, एवढं त्याने वाचलं होतं. गुरुवारी दुपारी त्याने तो बसवला. खेळ सुरू झाला, इंजिनाची घरघर आली, पडदा मात्र काळाकुट्ट. तो दुसऱ्या खोलीत उपाय शोधून परत आला, तर सासूबाई हातात स्टिअरिंग धरून त्या काळोखात बसून होत्या.

"आवाज छान येतोय," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी चित्र उमटलं. रस्ता जांभळा होता आणि झाडं आकाशाला टांगलेली होती, पण चित्र होतं. गाडी मात्र उचक्या लागल्यासारखी पुढे जाई. सेकंदाला साठ चित्रं हवीत, तिथे नऊ येत होती. मग चष्मेवाल्याने धंद्यातला रामबाण काढला. दुकानात तो एक भिंग लावे, मग दुसरं लावे आणि विचारी, हे बरं की ते बरं? गिऱ्हाईक खरं सांगे आणि नंबर सापडे. तसंच त्याने एकेक सेटिंग बदलायला घेतलं.

"आई, आता बघा. हे बरं की मघाचं?"

"दोन्ही छान."

"पण जास्त छान कोणतं?"

"तुम्हाला जे बरं वाटेल ते, जावईबापू."

अशी बारा सेटिंगं बदलून झाली आणि बाराही छान निघाली. शेवटी त्याने लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर आपली कैफियत मांडली. तासाभरात सात उत्तरं आली. पाच जणांनी लिहिलं होतं, आमच्याकडे तर उत्तम चालतो. सहाव्याने इतका जुना खेळ माणसाने का खेळावा असा सवाल केला होता. सातवा 'पेन्शनर' या नावाने लिहिणारा कुणी भला माणूस होता. त्याने विचारलं, ग्राफिक्स कार्ड कामाला लागलंय का, ते बघितलंत?

ते लागलेलं नव्हतं. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चष्मेवाल्याने घातलाच नव्हता. बैल गोठ्यात बसून होता आणि गाडी माणूस ओढत होता. शनिवारी दुपारी ड्रायव्हर घातला, दुभाषाची नवी आवृत्ती घेतली, आणि रस्ता काळा झाला, झाडं जमिनीवर आली, कोपऱ्यातला आकडा साठवर जाऊन थांबला. चष्मेवाल्याला भरून आलं. चार वाजता दुकान उघडायचं होतं म्हणून तो तसाच पळाला.

रविवारी सकाळी शेवटची नजर टाकायला तो आला. सासूबाईंची गाडी सुरेख वळणं घेत होती. दोन मिनिटं तो कौतुकाने बघत राहिला आणि मग त्याची नजर त्यांच्या हातांकडे गेली. हात डावीकडे वळत होते, गाडी उजवीकडे जात होती.

"आई, स्टिअरिंग उलटं झालंय."

"हो का? मला वाटलं, लिनक्समध्ये असंच असतं. काल तीन तास बसून हाताला वळण लावलं. आता छान जमतंय."

त्याने एका जागी टिचकी मारून स्टिअरिंग सरळ केलं. त्यानंतर दुपारी दोनपर्यंत सासूबाई दिसेल त्या भिंतीवर जाऊन आदळल्या. चष्मेवाल्याने उलटंच ठेवू का म्हणून विचारलं, तेव्हा हेही छान आहे म्हणाल्या आणि घाम पुसला.

बरोबर चार वाजता पडद्यावर मावशीच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. दोघींचे कॉम्प्युटर तयार झाल्याशिवाय शर्यत सुटत नसे, आणि आता दोन्ही तयार व्हायला चार सेकंद लागत होते. चष्मेवाला मागे उभा राहून कोपऱ्यातला साठचा आकडा बघत होता. कानावर फक्त सासूबाईंचं बोलणं येत होतं.

"ताई, तुला एक सांगायचं होतं, की..." तेवढ्यात शर्यत सुटली. "बरं बरं. गाडी चालवताना बोलत नाही."

शर्यत संपली. "हां ताई, मी म्हणत होते, की आमच्याकडे..." पुन्हा सुटली. असं नऊ वेळा झालं. आकडा एकदाही साठच्या खाली आला नाही. चार वीसला दोघींचे सगळे रस्ते संपले. सासूबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"कसं झालं, आई?"

"छान."

तो शीळ घालत घरी गेला. सात वाजता बायको माहेरचा फोन ठेवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्या दोघी ती पट्टी भरेपर्यंतच बोलायच्या. गाडी चालू असताना मावशी चकार शब्द काढू देत नाही. आज एक वाक्य पुरं झालं नाही आईचं. आणि शेवटी मावशी काय म्हणाली माहितीये? 'आज तुला फार घाई दिसतेय.' तेवढं बोलून गेली ती."

सासूबाईंचं एकमेव खरं 'छान' चष्मेवाल्याने खोटं ठरवलं होतं, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

सोमवारी दुपारी तो त्यांच्यासमोर स्टुलावर बसला. दुकानात बसे तसाच, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"आई, खरं सांगा. पूर्वीचं बरं होतं, की हे?"

"दोन्ही..."

"मावशींसाठी विचारतोय."

सासूबाईंनी पदराची चुणी सरळ केली. "खरं सांगू का?"

"सांगा."

"पूर्वीचं." एवढा एक शब्द बाहेर पडला आणि नऊ वर्षांचा बांध फुटला. "आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते. स्वयंपाकघरातली फळी तुम्ही तिरकी ठोकलीत, डबे घसरतात. तुम्ही आणता ती चप्पल मला चावते. आणि वाचायच्या चष्म्यातून अक्षरं अजून पोहतात."

चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. चष्म्याचं त्याला थोडं लागलं, पण त्याने वहीत नोंदवलं.

"मग पट्टी पुन्हा साडेतीन मिनिटांची करून देऊ?"

"पाच करा. साडेतीनात नुसतं दोघींच्या गुडघ्यांचं दुखणंच बोलून होतं."

लिनक्समध्ये खेळाला डिस्कवरून सावकाश वाचायला लावण्याचीही सोय असते, पण ती शोधणं वेग वाढवण्याहून अवघड निघालं. चर्चेच्या पानावर विचारलं, तर पाच जणांनी कळवलं, आमच्याकडे तर मुळीच हळू होत नाही. पुन्हा पेन्शनरच धावून आला. कशासाठी हवंय, हे त्याने विचारलं नाही. शुक्रवारपर्यंत घड्याळ लावून लावून चष्मेवाल्याने पट्टी बरोबर पाच मिनिटांवर आणली.

रविवारी चार वाजले. हिरवा ठिपका लागला नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली. वेळ चुकवलेली न खपणारी बाई स्वतः वेळ चुकवत होती, यातच सगळं आलं. बायको नखं खात होती. चष्मेवाल्याने सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही याचा विचार केला आणि ठेवला नाही. चार अकराला ठिपका लागला. बायकोने त्याचं मनगट धरून त्याला खोलीबाहेर काढलं, आणि दोघं दाराआड उभी राहिली.

"आलीस का गं ताई?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "नाही गं, घाई कसली? मशीनच तसं झालं होतं. आता बघ, हलायचं नाव नाही. जावयाने बिघडवलं. नाही, मन चांगलं आहे त्याचं, पण हात लावेल तिथे माती करतो. मी सांगून थकले, माझं ऐकतोय कुठे? तूच ये बाई महिनाभर, आणि तूच सांग त्याला चार शब्द." पलीकडून काय उत्तर आलं, ते दाराआड ऐकू आलं नाही. "सकाळच्याच गाडीने ये. संध्याकाळच्या गाडीला गर्दी असते."

बायकोने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाला दाराला कान लावून उभा होता. नऊ वर्षांत सासूबाई आज पहिल्यांदा त्याला 'तो' म्हणाल्या होत्या. पट्टी भरायला अजून तीन मिनिटं होती आणि त्यांच्याजवळ त्याच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच शिल्लक दिसत होतं, म्हणून त्याने हळूच एक स्टूल ओढून घेतलं आणि तो नीट बसून ऐकू लागला.