विसोका स्म्रेकाचे जायबंदी बाप

"गालफुगी झालेले घरी, बाकीचे बसमध्ये!"

शाळेतलं बाकी सगळं गोराझ्द विसरला, हा एक आवाज मात्र राहिला. आवाज व्यायामाच्या मास्तरांचा होता. गाल गोराझ्दचे होते.

राष्ट्र कशाने घडतं, यावर विद्वानांत मतभेद आहेत. स्लोव्हेनियात ते नाहीत. तिथे शाळकरी वयात मुलांना आठवडाभर डोंगरावर नेतात, पायांना स्की बांधतात आणि उतारावर सोडतात. खाली पोचतो तो नागरिक. नेमक्या त्याच आठवड्यात ज्याचे गाल फुगतात, त्याची सोय कुठल्याच नियमात नाही. (तो कर भरू शकतो, मत देऊ शकतो. लग्नही करू शकतो, आणि घोटाळा तिथेच होतो.)

गोराझ्दने झार्याशी लग्न केलं. मागणी घालायला गेला तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे त्सिरिल यांनी, 'स्की येतं का' असं विचारलं नाही. श्वास घेता येतो का, असं कुणी जावयाला विचारतं का? त्यांनी विचारलं, "कुठे करतोस?"

"जिथे बर्फ असेल तिथे," गोराझ्द म्हणाला.

तेव्हापासून हे वाक्य तो पोसतो आहे. मुलगी त्यानंतर झाली.

दर हिवाळी सुट्टीत सगळं कुटुंब दोन दिवस विसोका स्म्रेकाला जातं. हे गाव कुटुंबस्नेही आहे. तशी पाटीच आहे, पाटीवर अस्वल आहे, अस्वलाच्या हातात पिल्लाचा हात आहे. कुटुंबस्नेही ठरायला गावात काय काय लागतं ते ठरलेलं असतं: बाळांना वर नेणारा सरकता पट्टा, खारीच्या नावाचा उतार, ज्यावरून खारही कंटाळून परत जाईल, सूपमध्ये अक्षरांच्या शेवया, आणि आयांना बसायला ऊन. (ऊन येत नसेल तर तसं कळवावं लागतं.) बर्फ तर असा अलगद उतरतो, जणू वर कुणी ओवी गुणगुणत पीठ चाळतंय.

पण गावाची खरी थोरवी पाटीवर नाही. ती उपाहारगृहामागच्या प्रथमोपचार खोलीत आहे. तिथे श्तेफ्काबाई बसतात आणि धडधाकट बापांना पट्ट्या बांधतात.

पद्धत सोपी आहे. बापाने सकाळी सर्वांसमक्ष पायांत स्की चढवायच्या. डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यापर्यंत चालत जायचं. वाटेत, शक्यतो सपाटीवर, भारदस्तपणे पडायचं. बचाव पथकाची घसरगाडी येते, बापाला पांघरूण घालून नेते, आणि थोड्या वेळाने बाप पट्टीसकट उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रकटतो. त्याच्या हाती रम घातलेला चहा असतो. पट्ट्या तीन प्रकारच्या. घोट्याची नवशिक्यांना. गुडघ्याची प्रतिष्ठितांना. कमरेची चाळिशीनंतरच, आणि तीही बायको सोबत असेल तर. मनगटाची पट्टी श्तेफ्काबाई देत नाहीत, कारण मनगट दुखावलेल्याला कुणीही म्हणू शकतं की, पाय तर शाबूत आहेत ना?

बाईंनी खिडकीतून केलेल्या पाहणीनुसार गच्चीवरच्या दहा पुरुषांतले सात जायबंदी बाप असतात. उरलेले तिघे वेटर असतात.

एकदा पट्टी बांधली की माणूस तज्ज्ञ होतो. उतारावरून येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून गच्ची हळहळते. वजन मागे गेलं. खांदा उघडला. वळण उशिरा घेतलं. जन्मात एकही वळण न घेतल्याने त्यांच्या मतात अनुभवाची भेसळ नसते. सर्वांत मानाच्या खुर्चीत त्सिरिल. त्यांना कमरेची पट्टी झार्याच्या लहानपणापासून आहे.

यंदा मात्र पंचायतीने स्नेह वाढवला. रविवारी 'बापलेक उतरण' जाहीर झाली. बाप आणि मूल यांनी एकच काठी दोन्ही टोकांनी धरून खारीच्या उतारावरून खाली यायचं. जखमी बापाचं मूल खाली उभं राहून टाळ्या वाजवेल, असं कलम होतं. गोराझ्दच्या आठ वर्षांच्या नेझाने शनिवारीच नंबराचं बनियन मिळवलं आणि ते घालूनच झोपली. वर्गातल्या सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं. गोराझ्द रात्रभर वासे मोजत राहिला. उतरलो तर मुलीला घेऊन झाडावर आदळू, न उतरलो तर ती टाळ्या वाजवेल. टाळ्यांचा विचार झाडापेक्षा जास्त लागत होता.

सकाळी त्याने भ्याडपणाचा सन्मान्य मार्ग धरला. पडायचंही टाळून तो थेट श्तेफ्काबाईंच्या खोलीत गेला. दार अर्धवट उघडं होतं. आत बाकावर नेझा बसली होती. बूट काढलेला, मोजा खाली सरकवलेला.

"लहान मापाची नसते गं," श्तेफ्काबाई तिला समजावत होत्या. "लहान मुलं खरंच पडतात. त्यांना खरी पट्टी लागते."

"मग मोठी कापून द्या ना."

"तुला कशाला हवी पण? तू तर मस्त उतरतेस."

"माझाच पाय दुखला," नेझा म्हणाली, "तर बाबांना पडावं लागणार नाही. ते सपाटीवर पडतात आणि सगळे बघतात."

दाराबाहेर गोराझ्द उभा राहिला. आपण इतकी वर्षं कुणाला फसवत होतो, याचा त्याने हिशेब लावून पाहिला. यादीत एकच नाव उरलं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

तो आत गेला. तिचा मोजा वर ओढला, बूट चढवला, बंद आवळले. एवढं त्याला उत्तम येत होतं. मग तिचा हात धरून तो गच्चीवर आला. त्सिरिल खालच्या एका पोराच्या खांद्यावर भाष्य करत होते.

"मला स्की येत नाही," गोराझ्द म्हणाला. "कधीच येत नव्हतं."

चमचे थांबले. त्सिरिलनी मान न वळवता, ओठ न हलवता म्हटलं, "हळू बोल, जावईबापू. बायका ऐकतील."

बायका उन्हातच बसल्या होत्या. झार्याने डोळे मिटूनच जरा कूस बदलली, जशी आधीच ऐकलेलं काही पुन्हा ऐकताना माणूस बदलतो.

नेझाने बनियन ओढून सरळ केलं आणि बापाकडे पाहिलं. सरकत्या पट्ट्यावर तीन वर्षांच्या मुलांची रांग लागली होती. तिथे शिकवतात, ती म्हणाली, आणि मी बाजूला चालेन.

"चल," गोराझ्द म्हणाला. मग तो थबकला आणि गच्चीकडे वळून, या खेपेला चांगला मोठ्याने बोलला, "रांगेत जागा आहे. आणखी कुणाला येत नसेल तर हात वर करा."

कुणीही हात वर केला नाही. (तुम्हीही नाही.)